वाढवला, वाढवली

माझ्या बाबांनी आयुष्यात कधी काही बंद केलं नाही. दिवा असो, रेडिओ असो, टीव्ही असो की पंखा, ते म्हणायचे, "वाढव." त्यांच्या आईवडिलांकडून आलेली बोलण्याची रीत. दिवा विझवायचा नाही, वाढवायचा. दुकान बंद करायचं नाही, वाढवायचं. संपणाऱ्या गोष्टीला तोंडानं संपली म्हणायचं नाही, एवढंच त्यामागे. लहानपणी माझी एक मैत्रीण घरी आली असताना बाबा म्हणाले, "तेवढा पंखा वाढव गं," आणि तिनं बिचारीनं तो पाचावर नेला. टेबलावरचे कागद घरभर झाले. हा किस्सा आमच्याकडे पुढे पंचवीस वर्षं चालला.

बाबांना जाऊन आता अकरा आठवडे झाले होते. इस्पितळात त्यांनी एकतीस वर्षं नेटवर्कचं काम केलं. भिंतींतून, छतांतून, जमिनीखालून गेलेली प्रत्येक तार त्यांची ओळखीची होती आणि सगळे त्यांना तारवाले म्हणत. मीही तिथेच, माहिती विभागात, सहा वर्षं नोकरी करते. त्यांच्यामागे माझ्या वाट्याला त्यांची एक फाइल आली. अठराशे सेहेचाळीस ओळी. प्रत्येक ओळीत एक यंत्र किंवा एक तार: नाव, जागा, कुठल्या तोंडाला जोडली आहे, स्थिती आणि शेरा. तोंड म्हणजे कपाटातल्या यंत्राला जिथे तार खोचतात तो पोर्ट. हाही त्यांचाच शब्द.

ही फाइल नव्या नोंदप्रणालीत चढवायची होती. कॉन्फिगरेशन मॅनेजमेंट डेटाबेस असं तिचं भारदस्त नाव, कागदोपत्री सीएमडीबी. आमचे जुने वायरमन नाना तिला सीएमडीबाई म्हणत. कुठे काय आहे, ते कशाला जोडलंय, ते पडलं तर सोबत आणखी काय पडेल, हे सगळं या बाईंना ठाऊक असणार होतं. शिवाय तपासनिसांची अट होती की वापरात नसलेलं एकही तोंड उघडं राहता कामा नये. म्हणून फाइल चढली की ज्या ज्या नोंदीपुढे 'निवृत्त' असेल, तिचं तोंड त्याच दिवशी चार वाजता आपोआप बंद व्हायचं होतं.

आदल्या दिवशी सकाळी आम्ही स्थितीचा रकाना घेऊन बसलो. साहेब, मी, आणि कंत्राटदार कंपनीचे इंजिनिअर. ते सहा महिने आमच्या शेजारच्या टेबलावर बसत होते, तरी नाना त्यांना पाहुणेच म्हणत आणि मग आम्हीही तेच म्हणू लागलो.

"नऊ तऱ्हेचे शब्द आहेत," पाहुणे म्हणाले. "चालू, चालते, ठीक, हलवला... ताई, तुमच्या वडिलांनी रकाना नाही भरला, पत्र लिहिलंय."

"मी दोन वर्षं कानीकपाळी ओरडत होतो," साहेब म्हणाले. "ठरलेले शब्द वापरा म्हणून. हो साहेब, हो साहेब म्हणायचे आणि आपलं तेच करायचे." त्यांनी चष्मा काढून डोळे चोळले. "खरं सांगू? ही फाइल बाजूला ठेवू या. स्कॅन करू. जे दिसेल ते घेऊ."

स्कॅनला फक्त ज्यांना पत्ता आहे तीच यंत्रं दिसतात. तारेला पत्ता नसतो. जुन्या डब्यांना नसतो. बाबांच्या अठराशेपैकी सहाशे ओळी स्कॅनला कधीच दिसल्या नसत्या. पण मला आधी आठवलं ते हे नाही. मला आठवले रात्रीच्या जेवणानंतर वहीतून एकेक ओळ वाचून दोन बोटांनी टाइप करणारे बाबा.

"एक दिवस द्या," मी म्हटलं. "मला त्यांचे शब्द कळतात."

"हे बघा, इथे वाढवला म्हटलंय," पाहुणे म्हणाले. "एकशे बारा ओळी. मी त्यांना 'विस्तारित' केलंय. म्हणजे चालू, आणि वर विस्तार."

"नाही. वाढवला म्हणजे बंद केला."

पाहुण्यांनी साहेबांकडे पाहिलं. साहेब हसले. "वाढवला म्हणजे बंद? मग बंद म्हणजे काय, वाढवला?"

"तसं बोलतात साहेब. दिवा वाढवला म्हणजे मालवला."

"आमच्याकडे वाढलं की जेवतात," पाहुणे म्हणाले.

मी कपाटातून जाडजूड शब्दकोश काढला. बाबांनीच कधीतरी ऑफिसला देऊन टाकलेला. पान काढून बोट ठेवलं. पहिला अर्थ मोठा करणे, लांब करणे. त्याच्या खाली तिसरा की चौथा: मालवणे, मिटवणे, आटोपते घेणे. माझं बोट चौथ्याखाली होतं. तेवढ्यात नाना चहाचा कप घेऊन आले. त्यांना विचारलं, तारवाले दिवा बंद करायला काय म्हणायचे?

"वाढव म्हणायचे. मला एकदा म्हणाले, नाना, तो तळघरातला डबा वाढवा. मी म्हटलं, कितीनं?" नाना हसले आणि मग कपात बघत राहिले.

साहेब पटले. पाहुण्यांनी नियम लिहायला घेतला. "तीन रूपं आहेत, ताई. वाढवला, वाढवली, वाढवले. तिन्ही एकच ना?"

"एकच. डबा वाढवला, डबे वाढवले. लिंगवचनाप्रमाणे शेवट बदलतो, अर्थ नाही."

हे मी किती सहज म्हणाले ते मला आजही आठवतं. मराठीच्या तासाला पहिल्या बाकावरून दिल्यासारखं उत्तर. पाहुण्यांनी लिहिलं: 'वाढव'नं सुरू होणारा शब्द दिसला की स्थिती निवृत्त. मंजुरीच्या चौकटीत माझं नाव आलं, खाली साहेबांचं. नियमच होता. यादी सुरू करायला दोघांची मंजुरी, थांबवायलाही दोघांची.

एकच गोष्ट पाहुण्यांनी विचारली. "यातल्या सत्तरएक तोंडांवर दिवा लागतोय. पलीकडे काहीतरी जोडलेलं दिसतं."

"बंद करून तसंच खोचून ठेवलेलं असेल," साहेब म्हणाले. "तेच तर साफ करायचंय."

दुसऱ्या दिवशी बाराच्या सुमारास फाइल चढली. अठराशे सेहेचाळीस गेल्या, एकही ओळ परत आली नाही. साहेबांनी माझ्या टेबलाशी थांबून म्हटलं, "तारवाल्यांची लाज राखलीस." साहेबांच्या तोंडून एवढं म्हणजे पुष्कळ होतं.

सव्वातीनला आईचा फोन आला.

"कामात आहेस?"

"हो. बोल पटकन."

"मामा आलाय. बाबांचा तो करडा कोट त्याला होईल म्हणते मी. खांद्यात अगदी बसतोय. पण याचे हात म्हणजे वल्ही. मनगटं बाहेर."

मागून मामाचा आवाज आला, "राहू दे गं ताई, मी काय लग्नाला उभा राहतोय?"

"आई, कोट नको देऊस आत्ता."

"मग कधी? कसर लागल्यावर? आत कापड आहे भरपूर. शिंप्यानं बघायला म्हणून एक बाही वाढवली सुद्धा. दोन बोटं. कळतही नाही. सांग, दुसरी वाढवू दे का?"

"मी नंतर करते फोन," म्हणून मी ठेवला.

मला राग आला होता. मला न विचारता कोट शिंप्याकडे गेला होता. रागातच मी समोरच्या यादीकडे बघत होते आणि आईचं वाक्य कानात तसंच होतं. एक बाही वाढवली. बाबाही असंच म्हणाले असते. बाही वाढवली, पँट वाढवली, दोरी वाढवली. आमच्या घरात जे मालवायचं ते सगळं पुल्लिंगी होतं: दिवा, रेडिओ, टीव्ही, पंखा. आणि लांब करायचं ते...

तार. लाईन. केबल.

मी एकशे बारा ओळींतून फक्त 'वाढवली' असलेल्या वेगळ्या काढल्या. नऊ होत्या. नवांच्या नवांपुढे शेऱ्यात एक आकडा होता आणि त्यापुढे 'मी.' यातले एकदोन मी आदल्या दिवशी ओझरते पाहिले होते. तारखेची काहीतरी गडबड असेल, मे महिना लिहायचा असेल, म्हणून सोडून दिलं होतं. ६ मी. १४ मी. २२ मी. बंद केलेल्या वस्तूला मीटर नसतात.

तिथेच उठायला हवं होतं. मी उठले नाही. पंधरावीस मिनिटं मी उरलेल्या एकशे तीन ओळी वरपासून खालपर्यंत वाचत होते, त्यांत कुठेतरी 'मी.' सापडावं म्हणून. एका जरी डब्यापुढे सापडलं असतं तर आकड्यांचा अर्थ वेगळा निघाला असता आणि माझं आदल्या दिवशीचं बोलणं खरं ठरलं असतं. सापडलं नाही. मग त्या नऊ नावांकडे नीट पाहिलं. पहिलं होतं औषधखिडकी. शेवटचं होतं हाक.

'हाक, मागची इमारत. वाढवली. ४० मी.'

मागच्या इमारतीत संसर्गाच्या रुग्णांच्या तीन खोल्या आहेत. दारं सतत लावलेली, घरच्यांना आत सोडत नाहीत. खाटेशी एक बटण असतं. ते दाबलं की परिचारिकांच्या टेबलावर घंटी वाजते. पुढच्या इमारतीत गेल्या वर्षी नव्या बिनतारी घंट्या बसल्या, मागच्या इमारतीत जुनीच व्यवस्था राहिली. मधे तिथल्या छताला गळती लागली आणि टेबल व्हरांड्याच्या दुसऱ्या टोकाला गेलं. बाबांनी चाळीस मीटर तार ओढून घंटी त्या टेबलामागे नेली होती. मला ते घरी सांगितल्याचंही अंधुक आठवलं. हाक लांब गेली आज, असं काहीतरी.

चार वाजता तिचं तोंड मिटलं असतं. आणि त्यातली वाईट गोष्ट ही की कुणाला कळलं नसतं. घंटी न वाजणं आणि कुणी न बोलावणं, टेबलापाशी दोन्ही सारखंच ऐकू येतं.

बाबा गेले ती दुपारची वेळ होती आणि आई गच्चीवर कपडे वाळत घालत होती. त्यांनी हाक मारली असेल का, हे आम्ही दोघी एकमेकींना विचारत नाही.

साहेब तिसऱ्या मजल्यावर तपासनिसांबरोबर बसले होते. दाराशी शिपाई म्हणाला, "आत सोडू नका म्हणालेत." मी म्हटलं, बाहेर बोलवा. ते बाहेर आले तेव्हा चारला सात मिनिटं कमी होती. मी दोन वाक्यांत सांगितलं.

"काल बंद. आज लांब. उद्या काय, गोल?"

"साहेब, नऊच ओळी आहेत. यादी थांबवा."

"खात्री आहे?"

"काल होती तेवढी नाही." हे खोटं नव्हतं, पण बोलायची वेळ चुकली.

साहेबांनी दाराकडे पाहिलं. आत कुणीतरी मोठ्यानं हसलं. "मी आत्ताच त्यांना सांगितलं की चारला सगळं साफ. नुसत्या शंकेवर कसं मागे घेऊ? तू खाली जा. पाहुण्यांबरोबर तपास. थांबवायचं ठरलं तर फोन कर, मी कोड देतो."

"सात मिनिटं आहेत."

"सात मिनिटांत जिना उतरता येतो."

यंत्रखोली तळघरात आहे. लिफ्टमध्ये स्ट्रेचर होतं, मी जिन्यानं निघाले. दुसऱ्या मजल्यावर नाना शिडीवर चढून छताची फळी बसवत होते.

"काय गं, वाघ लागलाय पाठी?"

"नाना, हाकेची तार बाबांनी वाढवली होती ना? मागच्या इमारतीत?"

"वाढवली म्हणजे काय! मीच धरली होती दुसरी बाजू. चाळीस मीटर. खांदा आठ दिवस..." नाना थांबले. मला वाटतं माझ्या चेहऱ्याकडे बघून त्यांना सगळं कळलं. "अगं, ती तू बंदमध्ये टाकलीस?"

मी उत्तर न देता उतरू लागले. वरून त्यांचा आवाज आला, "धचा मा ऐकला होता. हा लीचा ला!"

यंत्रखोलीत पंख्यांचा एवढा आवाज असतो की पाहुणे कानांवर टोप्या लावून बसतात. मी दार वाजवत होते आणि काचेतून त्यांची पाठ दिसत होती. शेवटी मी चप्पल काढून त्या चपलेनं दार बडवलं. ते उघडेपर्यंत चार वाजून दोन मिनिटं झाली होती.

पडद्यावर यादी चालू होती. नावं अकारविल्हे लावलेली, दर पाच सेकंदांना एक ओळ काळ्याची करडी होत होती. औषधखिडकी करडी झालेली होती. यादी 'क'वर होती.

"थांबवा," मी म्हटलं. "नऊ ओळी चुकल्यात."

पाहुण्यांनी टोप्या काढल्या, ऐकून घेतलं, आणि काही न विचारता मंजुरीची खिडकी उघडली. "तुमची द्या. आता साहेबांचा कोड."

"मधली फक्त एक ओळ काढता येईल? हाक?"

"चालू यादीत हात घालता येत नाही."

"तार उपटली तर?"

"मग कुठलं तोंड मिटलं आणि कुठलं नाही, हे कुणालाच कळणार नाही, ताई. तुमच्या हाकेचंही नाही."

तळघरात मोबाईल लागत नाही. भिंतीवर एक साधा फोन आहे. मी साहेबांसाठी तिसऱ्या मजल्यावरच्या शिपायाचा नंबर फिरवला. व्यग्र. पुन्हा फिरवला. व्यग्र. 'ग'. 'च'. पुन्हा व्यग्र. नंतर कळलं, औषधखिडकीचा पडदा काळा झाला होता आणि तिथला औषधवाला साहेबांना फोनवरून झापत होता. ज्या चुकीनं साहेबांची खात्री पटवायची, तीच चूक त्यांची लाईन अडवून बसली होती.

"हाक कितवी आहे?"

"एकशे नववी." पाहुण्यांनी मनात हिशेब केला. "चार नऊला."

घड्याळात चार पाच होते. साहेबांना फिरवत बसायचं की दुसरा फोन करायचा? फोन एकच होता. मी मागच्या इमारतीचा नंबर लावला. मोठ्या सिस्टरनी उचलला. एकतीस वर्षांत बाबांना तोंडावर टाकून बोलणारी बहुधा ती एकटीच बाई.

"सिस्टर, मी तारवाल्यांची मुलगी. तीन खोल्यांच्या घंट्या चार मिनिटांत बंद पडतील. पुन्हा चालू होईपर्यंत प्रत्येक दाराशी एकेक माणूस उभं करा."

"कोणी पाडल्या?"

"मी. माझी चूक झालीय."

पलीकडे खुर्ची सरकल्याचा आवाज आला. मग, "चार मिनिटं आधी सांगतेस होय गं? दोन पोरी आहेत माझ्याकडे आणि तीन दारं." आणि फोनपासून तोंड वळवून, "ए, ठेव ते. पहिल्या खोलीशी जा. काचेतून बघत राहायचं, हलायचं नाही. तू तिसऱ्या." पुन्हा मला, "दुसऱ्या खोलीशी मी उभी राहते. म्हाताऱ्याला रात्रीपासून धाप आहे. किती वेळ?"

"माहीत नाही."

"कळलं की कळव," म्हणाली आणि ठेवला.

'प'. 'ब'. मी पुन्हा तिसऱ्या मजल्याचा नंबर फिरवत होते. पाहुणे शेजारी उभे होते, बोट कळीवर. त्यांच्या कपाळावर त्या गारठ्यातही घाम होता. मला तेव्हा एकदम जाणवलं की ते माझ्याहून सातआठ वर्षांनी लहान असतील आणि काल त्यांनीच विचारलं होतं, तिन्ही एकच ना.

'म'. 'र'. 'व' सुरू होताना फोन लागला.

"साहेब, औषधखिडकी गेली ना?"

"तुला कसं..."

"ती त्या नवांतली पहिली. कोड द्या."

या वेळी साहेबांनी वाद घातला नाही. पण कोड त्यांच्या मोबाईलवर यायचा होता, आणि मोबाईल आत टेबलावर राहिला होता. मला त्यांची धावणारी पावलं ऐकू आली. दार. कुणाला तरी "माफ करा, माफ करा." शिपायाच्या फोनचा रिसीव्हर तिथे लोंबकळत असावा, कशावर तरी टकटक आपटत होता. 'श'. 'स'. स फार लांबतो आपल्या भाषेत, याचे मी आभार मानले.

"चार, शून्य, सात," साहेब धापा टाकत म्हणाले. "एक. एक. नऊ."

मी मोठ्यानं म्हटलं, पाहुण्यांनी टाइप केलं. कळ दाबली. त्याच क्षणी पडद्यावर 'हाक' करडी झाली. तिच्याखालची एक ओळ आणखी करडी झाली, आणि यादी थांबली.

पाहुण्यांनी कळफलक जवळ ओढला.

"उलटी चालवतो," पाहुणे म्हणाले. "शेवटून सुरू होते. हाक दुसरीच येईल. पण त्यालाही मंजुरी लागणार. आणि कारण."

चौकट उघडली. कारण लिहिल्याशिवाय ती पुढे जात नव्हती. माझ्या मनात पहिल्यांदा आलं ते 'मूळ फाइलमधील संदिग्धता'. ऑफिसात असंच लिहितात, आणि कुणी हटकलंही नसतं. बाबांच्या नावावर कायमचं राहिलं असतं. मी लिहिलं: 'मूळ नोंद बरोबर. अर्थ लावताना चूक. अर्थ मी लावला.' साहेबांनी फोनवर दुसरा कोड दिला. चार तेराला हाक पुन्हा काळी झाली.

मी सिस्टरांना फोन लावला. बराच वेळ कुणी उचलला नाही. बारा, तेरा, चौदा वेळा वाजला.

"बोल."

"चालू झालीय. एकदा दाबून बघा."

तिनं कुणाला तरी ओरडून सांगितलं. मग फोनमधून, लांबून, चिरक्या आवाजाची ती जुनी घंटी ऐकू आली. एकदा. मग दुसऱ्या खोलीची. मग तिसऱ्या.

"वाजली," ती म्हणाली. "म्हाताऱ्यानं दाबली होती हो मधे. बटण दाबतोय आणि टेबलाकडे चिटपाखरू हलत नाही. मी काचेतून बघितलं म्हणून. नळी सरकली होती नाकातली."

"कसे आहेत?"

"आहेत. बसवलीय नीट." ती म्हणाली, "तुझ्या बापाला मी सांगितलं होतं, चाळीस मीटर लांब घंटी नेताय, कधीतरी घोटाळा होईल. तर मला म्हणाला, सिस्टर, हाक लांब गेली तरी चालेल, पोचली पाहिजे." मग तिचा नेहमीचा आवाज परत आला. "पुन्हा असला खेळ करायचा तर आदल्या दिवशी सांगायचं. समजलं?"

"समजलं."

बाकीच्या आठ जागी साडेचारपर्यंत माणसं फोन करकरून हैराण झाली होती. औषधवाला वर येऊन साहेबांना बरंच बोलून गेला. तपासनिसांनी यादी आठवडाभर पुढे ढकलली आणि त्याचं कारण साहेबांना त्यांच्यासमोर वाचून दाखवावं लागलं. साहेब साडेपाचला माझ्या टेबलाशी आले, शब्दकोश उचलला, पान काढलं आणि उभ्या उभ्या सगळे अर्थ वाचले. "पहिलाच आहे की," म्हणाले, आणि पुस्तक जागेवर ठेवून गेले.

पाहुणे नवा नियम लिहायला बसले होते. "सांगा ताई. वाढवला?"

"बंद केला."

"वाढवली?"

"लांब केली."

"वाढवले?"

ते बंद केलेले डबेही असू शकत होते आणि लांब नेलेलं एखादं कनेक्शनही. वाढवले सात ठिकाणी होतं. "ते प्रत्येक ठिकाणी जाऊन बघू या," मी म्हटलं. "नानांना घेऊन."

"उद्या?"

"उद्या. आणि लीसुद्धा. आणि लाही."

"एकशे बारा?" पाहुण्यांनी खुर्चीत मागे रेलून माझ्याकडे पाहिलं, मग नियम पुसला आणि तिथे 'प्रत्यक्ष पाहणी बाकी' असं लिहिलं.

निघताना मी आईला फोन केला. मामा चहा पिऊन निघाला होता, कोट खुर्चीवर पडून होता, एक बाही लांब आणि एक आखूड.

"शिंप्याकडे परत पाठवायचा म्हणून ठेवलाय," आई म्हणाली. "ती एक बाही उसवून पुन्हा होती तशी करायला."

"नको," मी म्हटलं. "दुसरी वाढव."